पहिली ओळ कुणी काढायची

आमच्या चर्चच्या मंडळीच्या स्मरणिकेत अमोलिक पाळकांना तीन ओळी दिल्यात. मोजून तीन. 'रेव्ह. गंगाधर अमोलिक, १९९३ ते १९९७. संगीताची आवड होती. स्वभावाने हट्टी.' आणि समोरच्याच पानावर सेक्रेटरी दादासोंचा फोटो, अर्धं पान भरून, कोट घालून.

आवड होती म्हणे! आवड एखाद्याला कांदाभज्यांची असते. ज्या माणसानं पस्तीस वर्षं उपासनेच्या एकेका शब्दाला जीव लावला, त्याला 'आवड होती' लिहायला यांचा हात कसा धजला? मी स्मरणिका घेऊन तरातरा दादासोंकडं गेले. म्हटलं, हे कुणी लिहिलं? तर म्हणाले, "बाई, जागा कमी होती." तुमच्या टायला जागा बरी सापडली!

म्हणून मीच लिहिते. मी बत्तीस वर्षं सांगलीत शाळामास्तरीण होते, आणि चर्चमध्ये पायपेटी वाजवते, लग्न होऊन आले तेव्हापासून. तोंडानं फटकळ आहे, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

अमोलिकसाहेब मूळचे वाईकडचे, पण वाढले पुण्याच्या बाजूला, अँग्लिकन मिशनच्या बोर्डिंगात. आमची मंडळी दुसऱ्या मिशनची. सत्तर साली सगळ्या मिशनच्या मंडळ्या एक झाल्या, पाट्या बदलल्या, पण सवयी थोड्याच बदलतात! आमच्याकडं उपासना म्हणजे दोन गीतं, एक प्रार्थना आणि तासभर प्रवचन. अँग्लिकनांना आम्ही 'झगेवाले' म्हणायचो. त्यांचं सगळं ठरलेलं. इथं उभं राहा, इथं गुडघे टेका, पाळकानं एवढं म्हणायचं, मंडळीनं एवढा जबाब द्यायचा. साहेब साठ साली पाळक झाले ते असे, पांढरा झगा घालून, आणि उपासनेतलं अर्धंअधिक गाऊन म्हणायचं असतं असं मनावर घेऊन.

ब्याऐंशी साली ते साताऱ्याला आले. तिथं आठ वर्षं होते. तिथल्या एका बड्या कुटुंबाच्या लग्नात नवरीनं सिनेमाच्या गाण्यावर चर्चमध्ये यायचं ठरवलं होतं. साहेब म्हणाले, मांडवात वाजवा, वरातीत वाजवा, हव्या तेवढ्या फुगड्या घाला, पण इथं नाही. झालं! बड्या माणसाचं नाक कापलं गेलं, आणि तीन महिन्यांत साहेबांची बदली लोणंदला. लोणंदला अकरा घरं. चर्च म्हणजे रेल्वे लाइनीजवळची पत्र्याची खोली. तिथल्या हमालांना आणि पॉइंट्समनना त्यांनी उपासनेचे जबाब सुरात बसवून दिले. मालगाडीचं शंटिंग चालू झालं की सगळे थांबायचे, ती गेली की पुढचा जबाब. मला हे त्यांनी हसत सांगितलं होतं. मला नाही हसू आलं. असल्या माणसाला पत्र्याच्या खोलीत टाकणाऱ्यांचा राग आला.

पण त्यांच्या डोक्यात खरा किडा शिरला होता साताऱ्याला असतानाच. त्याचं असं झालं.

स्तोत्रं म्हणायची इंग्रजी पद्धत मिशनऱ्यांनी आणलेली. लांबलचक ओळ एकाच सुरावर ओढत न्यायची आणि शेवटच्या चार शब्दांवर सूर उतरवायचे. इंग्रजीत ते शोभतं म्हणे. मराठीत वाक्याच्या शेवटी काय येतं? 'आहे' नाहीतर 'होतो' नाहीतर 'करील'. म्हणजे देवाचं नाव, त्याची दया, डोंगर, समुद्र, सगळं एका सुरात भराभर उरकायचं, आणि सगळा साजशृंगार कुणावर? तर 'आऽऽहेऽऽ'वर! साहेब म्हणायचे, "बाई, ही म्हणजे नवरीला परकरावर बसवून करवलीला शालू नेसवण्यातली गत." वर्षानुवर्षं लोक असंच म्हणत आले आणि जांभया देत आले. कुणाला काही वाटलं नाही. साहेबांना मात्र रात्रंदिवस ते 'आहे' टोचायचं.

साताऱ्याहून ते माण तालुक्यातल्या विखुरलेल्या घरांना भेटी द्यायला एसटीनं जायचे. दहिवडीच्या पुढं एका वस्तीवर मुक्काम पडला, आणि पहाटे त्यांनी जात्यावरची ओवी ऐकली. लहानपणी ऐकली नसेल असं थोडंच? पण बोर्डिंगात गेलेल्या पोराचे कान कुणी दुसऱ्यानंच घडवलेले. त्या दिवशी कान उघडले. ओवीत वजन ओळीच्या पोटात पडतं आणि शेपूट अलगद खाली येतं. 'आहे' म्हटलंय हे कळतसुद्धा नाही. साहेब सांगायचे, "मी अंथरुणात बसून उजळणी केली, बाई. स्तोत्राची ओळ त्या चालीवर ठेवली, आणि ती तिथं जन्मापासून बसल्यासारखी बसली."

तेव्हापासून त्यांनी वह्या घातल्या. एकेक स्तोत्र हातानं लिहायचं आणि प्रत्येक शब्दावर शिसपेन्सिलीनं खुणा. इथं दम घ्या, इथं वळवा, इथं सोडा. दीडशे स्तोत्रांच्या अकरा वह्या झाल्या.

तरी एक गोष्ट त्यांना जमत नव्हती. आमच्याकडं स्तोत्र म्हणायचं तर एकानं पहिली ओळ काढायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. ती पहिली ओळ नीट पडली तर अडाण्यापासून कलेक्टरापर्यंत सगळे म्हणतात. नाही पडली तर देवाचं नाव घ्या आणि घरी जा. साहेबांचा कान सोन्याचा, पण गळा अगदी बेताचा. आणि चाल ओवीची, म्हणजे बाईच्या गळ्यातली.

त्र्याण्णव साली ते सांगलीला आले. आल्या महिन्यातच एका दवाखान्यात आजाऱ्याला प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, द्यायला गेले होते, तर वरांड्यात एक आया फरशी पुसत गुणगुणत होती. साहेब तिथंच उभे. आजारी माणूस आत वाट बघतोय, आणि हे हातात प्रभुभोजनाचा डबा घेऊन फरशी वाळायची वाट बघितल्यागत उभे! ती आया म्हणजे चंद्राबाई. माणदेशातली. नवरा मुंबईत गिरणीत होता, तिथंच वारला. मग ती दवाखान्यात लागली. भांडी उचलायची, फरशी पुसायची. आमच्याच मंडळीतली, पण दाराजवळ चटईवर बसायची आणि आशीर्वाद झाला की पहिली उठून जायची. वीस वर्षं मी पेटी वाजवतेय त्याच चर्चमध्ये, आणि मला तिचा आवाज माहीत नव्हता. माझाही कान बघा कसला!

साहेबांनी तिला पुढं आणली. तिला अक्षर येत नव्हतं. साहेब शनिवारी दोनदा स्तोत्र वाचून दाखवायचे, की तिच्या डोक्यात ते बसलं. आणि नुसतं बसायचं नाही. एकदा मी समोर होते. साहेबांनी खूण केलेल्या जागी ती थांबलीच नाही. साहेब म्हणाले, "चंद्राबाई, इथं दम घ्यायचा."

ती म्हणाली, "न्हाई साहेब. हितं थांबलं तर देव आन् दया येगळी पडत्यात. पुढं थांबते."

साहेबांनी वही घेतली, खोडरबरानं खूण खोडली आणि पुढं केली. मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, मला ते दिसलं नव्हतं. अशा कितीतरी खुणा तिनं हलवल्या. त्या अकरा वह्यांत अर्धी बुद्धी त्या बाईची आहे, आणि हे स्मरणिकेत तीन ओळींत तर सोडाच, तीन अक्षरांतही नाही.

तीन वर्षं आमच्या चर्चमध्ये जे गाणं झालं ते मला पुन्हा ऐकायला मिळायचं नाही. चंद्राबाई डाव्या बाजूला उभी राहायची, डोक्यावर पदर, हात एकावर एक. ओळ काढायची आणि मंडळी ती उचलायची. म्हातारी माणसं तोंडाचं बोळकं उघडून गायची. गावाकडनं आलेले पाहुणे पहिल्याच रविवारी म्हणायला लागायचे, कारण चाल त्यांच्या आईची होती.

आणि नेमकं तेच काहींना खुपलं. आमच्यात आता कॉलनीत राहणारी माणसं झालीत. बँकेत, विम्यात, कॉलेजात. देवाची कृपा, मला आनंद आहे. पण दोन पिढ्यांमागं आपण सगळे एकाच वेशीबाहेरून उठून आलो, हे विसरायची एवढी घाई? दादासो बँकेतून निवृत्त झालेले. एकदा मला म्हणाले, "बाई, आपण जातं सोडून किती वर्षं झाली? पुन्हा तीच रड कशाला?" म्हटलं, "दादासो, तुमच्या आजीनं ते जातं ओढलं म्हणून तुम्ही बँकेत बसलात." तर म्हणाले, "तुमचं तोंड म्हणजे..." आणि निघून गेले.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात बिशपसाहेब मुलांच्या दृढीकरणासाठी येणार होते. मुलं शिकून तयार झाली की बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात आणि मग ती पहिल्यांदा प्रभुभोजन घेतात. मोठा दिवस. आदल्या गुरुवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांची सभा झाली. मी पंच नाही, पण पेटीवाली म्हणून बोलावलं होतं.

दादासोंनी घसा खाकरला. "बिशपसाहेबांबरोबर बाहेरचे पाहुणे आहेत. दवाखान्याचे डॉक्टर येणार. त्यांच्याच दवाखान्यातली आया पुढं उभी राहून गाणार, आणि आपण सगळे तिच्या मागून म्हणणार? बरं दिसेल का ते? आमची प्रियंका कीबोर्ड शिकलीय. पहिली ओळ ती काढेल."

प्रियंका म्हणजे त्यांची सून. नुकतीच पुण्याहून आलेली, गरीब गाय. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

साहेब म्हणाले, "त्या चाली तिला येत नाहीत."

"मग सोप्या लावा. चंद्राबाई मागं बसेल, एवढं नक्की. नाहीतर..." दादासोंनी कागद पुढं सरकवला. ठराव टाइप करून तयार! येत्या रविवारपासून उपासनेतलं स्तोत्र, जबाब, सगळं नुसतं वाचायचं, गायचं नाही. सात पंचांपैकी पाचांच्या सह्या आधीच झालेल्या.

मला वाटलं, आता साहेब उठतील. आता म्हणतील की करा काय करायचं ते. बड्या माणसाच्या लग्नात नाही म्हणणारा माणूस हा! पण साहेब त्या कागदाकडं बघत राहिले. त्यांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. सगळं आयुष्य जिथं ओतलं ते गाणं एका सहीनं बंद पडणार होतं.

"एकाच रविवारचा प्रश्न आहे ना?" ते म्हणाले.

"एकाच," दादासो म्हणाले.

"बरं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आल्यावर मी त्यांना धरलंच. "साहेब, स्तोत्र राहावं म्हणून माणूस मागं ढकललात? मग ते स्तोत्र गायचं कुणासाठी?" ते चष्मा काढून पुसत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, माझं एक काम करा. चंद्राबाईला तुम्ही सांगा. मला जमणार नाही. नीट सांगा, तिला वाईट वाटणार नाही असं."

आता ऐका. एवढं बोलून झाल्यावर मी काय केलं? 'तुमचं तुम्ही सांगा' म्हणाले? नाही. शनिवारी दुपारी मी दवाखान्याच्या फाटकाशी गेले आणि चंद्राबाईला बाहेर बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली. रविवारी सुट्टी मिळावी म्हणून तिनं सलग दोन पाळ्या केल्या होत्या. डोळे लाल झालेले.

मी म्हटलं, "चंद्राबाई, दमलात हो अगदी. उद्या जरा आराम करा, मागं बसा. पहिली ओळ प्रियंका काढेल. लहान पोर आहे, तिलाही संधी नको का?"

"साहेबांनी सांगितलं व्हय?"

"हो. म्हणजे, एकाच रविवारचा प्रश्न आहे."

"माजं काय चुकलं का?"

"छे हो! काहीतरीच काय!"

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

आणि मी घरी येताना पंचांना शिव्या देत आले, दादासोंना शिव्या देत आले, साहेबांना शिव्या देत आले. रस्ता कधी संपला कळलं नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं. दृढीकरणाची मुलं पुढच्या बाकांवर, तेल चोपडून बसवलेली. बिशपसाहेब वेदीजवळच्या उंच खुर्चीवर. पाहुणे, डॉक्टर, हार, नारळ, सगळं यथासांग. चंद्राबाई दाराजवळ चटईवर बसली होती, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून. आली होती, हे महत्त्वाचं. मी असते तर आले नसते.

स्तोत्राची वेळ झाली. प्रियंकानं कीबोर्डवर बीट लावला. ढम् चक् ढम् चक्. तिनं पहिली ओळ काढली. पण स्तोत्राची ओळ काय कवायतीत चालते? बीटची चक्कर संपली आणि शब्द उरले. तिनं उरलेले शब्द घाईनं कोंबले, तोवर दुसरी चक्कर सुरू झालेली. अर्धी मंडळी एकीकडं, अर्धी दुसरीकडं, कुणी जुन्या चालीवर, कुणी तोंडातल्या तोंडात. मी पेटीचे भाते मारतेय, कुणाला धरू कळत नाही. हळूहळू एकेक आवाज गळाला आणि नुसतं ढम् चक् ढम् चक् राहिलं. ते पोरीला बंद करायचंही सुचेना. शेवटी मुलांपैकी एकानं उठून बटण दाबलं.

मग काय झालं सांगू? सगळ्यांनी माना वळवून मागं बघितलं. चंद्राबाईकडं. सगळ्यांनी! दादासोंनीसुद्धा! काल जिला मागं बसवलं, तिनं आज यांची अब्रू झाकावी म्हणून माना वळल्या. लाज नावाची काही चीज असते की नाही? अडला हरी म्हणतात ते हेच.

चंद्राबाई खाली चटईकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं नाही. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! बरं झालं, म्हटलं, अशीच जिरली पाहिजे.

बिशपसाहेब खुर्चीतून वाकून हळूच म्हणाले, "अमोलिक, वाचून टाका."

साहेबांनी पुस्तक मिटलं. "बिशपसाहेब, मला पुढं जाता येत नाही," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "विधीत मनाई आहे. ज्यानं कुणाचा अपराध केलाय आणि समेट केला नाही, त्यानं प्रभूच्या मेजाकडं यायचं नाही. काल याच मुलांना मी हे शिकवलं."

ती सूचना उपासनेच्या पुस्तकात बारीक अक्षरांत असते. कोण वाचतं? पण हे गृहस्थ विधीतला स्वल्पविराम चुकू देत नसत.

ते वेदीच्या पायऱ्या उतरले आणि बाकांच्या मधल्या वाटेनं चालत दारापर्यंत गेले. झग्याचा घोळ फरशीवर घासल्याचा आवाज येत होता, एवढी शांतता. चटईच्या कडेला ते गुडघ्यांवर बसले. चौसष्ट वर्षांचा माणूस, एका हातानं भिंत धरून बसला.

"चंद्राबाई, तुम्हाला मागं बसवायला मी कबूल झालो. माझं गाणं वाचावं म्हणून. आणि तोंडानं सांगायची मला छाती झाली नाही. मला माफ करा."

पुढच्या बाकावर कुणीतरी "काय हे!" म्हणालं. दादासो अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

चंद्राबाईचा आवाज बारीक होता, पण त्या शांततेत मला पेटीजवळ एकेक शब्द ऐकू आला. "आवं साहेब, उठा वो. मागं बसायचं मला काय न्हाई. मी मागंच बसत आले. पर तुमी सोता येऊन सांगाया पायजे हुतं. दाराशी माणूस धाडलं. त्ये बी ग्वाड ग्वाड खोटं बोलून गेलं. 'दमलाय, आराम करा' म्हनं. मला काय कळत न्हाई व्हय?"

ते माणूस म्हणजे मी.

तिनं आपले दोन्ही हात जोडून पुढं केले, साहेबांनी ते आपल्या हातांत घेतले. समेटाची आमच्यात तीच रीत आहे, प्रभुभोजनाआधी सगळे एकमेकांशी तसं करतात. "शांती असो, साहेब," ती म्हणाली. साहेबांनीही म्हटलं. मग ती म्हणाली, "पर आज माज्या गळ्यातनं न्हाई निगायचं. तुमी वाचा."

साहेब भिंत धरून उठले. वळले. वळताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, जागा दिल्यासारखं. वाट मोकळी होती. वीस-पंचवीस पावलं असतील. मी पेटीच्या स्टुलावर बसले होते, पाय भात्यावर. सगळी मंडळी बघत होती. शाळेतल्या माझ्या दोन विद्यार्थिनी बघत होत्या.

मी उठले नाही.

साहेब वेदीकडं गेले आणि उपासना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एक सूर नाही. मुलांचं दृढीकरण झालं. सगळं पाऊण तासात आटोपलं, आणि मंडपात पुलाव खाताना पाहुणे म्हणाले की कार्यक्रम किती सुटसुटीत झाला! सुटसुटीत!

ठराव तर पुढच्याच सभेत पास झाला. 'उपासनेत व्यत्यय आणल्याबद्दल' म्हणून साहेबांकडं खुलासाही मागितला. गाणं बंद. उरलेले आठ महिने साहेबांनी वाचून उपासना चालवली. वाचतानाही ते खुणेच्या जागी थांबायचे. चंद्राबाईनं हलवलेल्या जागी. माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं.

सत्त्याण्णवच्या जुलैत ते वाईला राहायला जायला निघाले. मी निरोपाला गेले तर ट्रंकेत वह्या भरत होते. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, एका दिवसापायी सगळं आयुष्य पाण्यात घातलंत. त्या दिवशी चूपचाप वाचून टाकलं असतंत, तर पुढच्या रविवारी चंद्राबाई पुन्हा गायली असती."

"गायली असती?" ते म्हणाले. "बाई, पस्तीस वर्षं मी तो विधी करतोय. त्या रविवारी पहिल्यांदा पुस्तकात लिहिल्याप्रमाणं केला. वाईट वाटतं, नाही असं नाही. वह्या बघवत नाहीत. पण तेवढं एक नीट झालं." आणि मग मला विचारलं, "तुम्ही भेटलात का तिला?"

म्हटलं, "भेटते ना. दर रविवारी."

त्यांनी शेवटची वही ठेवली आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

दादासो म्हणतात, हट्टी होते. होते, होतेच! हट्टी नसते तर पुस्तकातली बारीक अक्षरं दाबून पुढं गेले असते, तुमच्यासारखे. पंचांना मी आजही तोंडावर सांगते की तुम्ही गाणं मारलंत. बिशपांना पत्र लिहिलं, दोन पानी. कुणाला घाबरत नाही मी.

चंद्राबाई अजून येते. दाराजवळच बसते. प्रभुभोजनाआधी समेटाची वेळ झाली की सगळे उठून एकमेकांचे हात हातात घेतात. तेवढ्यापुरती मी पेटीवरून उठते आणि फिरत फिरत दारापर्यंत जाते. दर रविवारी मनाशी ठरवून जाते की आज म्हणायचं, चंद्राबाई, ते खोटं मी बोलले, त्या दिवशी मी उठून यायला हवं होतं. वाक्य पाठ आहे माझं. ती जोडलेले हात माझ्या हातांत देते, फरशी पुसून पुसून खरखरीत झालेले. माझ्या तोंडाकडं बघते, जरा वेळ थांबतेसुद्धा. मग म्हणते, "शांती असो, बाई."

"शांती असो," मी म्हणते, आणि शेजारच्या बाईकडं वळते.